आणखी एक वर्कबुक नको

मल्लेश्वरममधल्या मराठी आईबाबांना एक सांगायचं आहे. तुमचं मूल सहावी, सातवी किंवा आठवीत असेल, इंग्रजीच्या वहीत लाल खुणा वाढल्या असतील आणि तुम्ही गांधीनगरच्या सपना बुक हाउसमधून किंवा अव्हेन्यू रोडवरून व्याकरणाचं आणखी एक जाडजूड वर्कबुक आणायच्या बेतात असाल, तर थांबा. ते पुस्तक वाईट असतं असं नाही. पण त्यात जे आहे ते तुमच्या मुलाकडे आधीच भरपूर आहे. रिकाम्या जागा भरा, कंसातलं क्रियापद योग्य रूपात लिहा, चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढा, हे शाळेत आठवडाभर चालू असतं. त्याच्याकडे नाहीत ती स्वतःची वाक्यं.

सातवीतली कुठलीही मुलगी घ्या. वर्कशीटवर ‘शी’ आणि पुढे कंसात ‘गो’ दिसलं की ती डोळे मिटून ‘गोज’ लिहिते. दहापैकी दहा. त्याच संध्याकाळी मैत्रिणीवर परिच्छेद लिहायला बसवा. ‘माय फ्रेंड लिव्ह ऑन फिफ्टीन्थ क्रॉस अँड शी लाइक बॅडमिंटन’ असं लिहून मोकळी होते. आपण वैतागतो, ‘काल तर येत होतं!’ म्हणून ओरडतो. कालही येत होतं, आजही येतं. काल कंसाने आठवण करून दिली होती, एवढाच फरक. स्वतःचं वाक्य लिहिताना काय सांगायचं, कोणता शब्द वापरायचा, स्पेलिंग काय, आधी काय लिहिलं, हे सगळं एकदम सांभाळावं लागतं, आणि त्या गर्दीत शेवटचा ‘स’ गळून पडतो. तो न गळण्याची सवय त्या गर्दीतच लागते. काठावर उभं राहून हात मारल्याने पोहणं येत नाही, तसंच हे.

यावर जगभर बराच अभ्यास झाला आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 साली अमेरिकेत कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी ‘रायटिंग नेक्स्ट’ नावाचा अहवाल तयार केला. चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावर झालेले प्रयोग त्यांनी एकत्र मांडून पाहिले. शब्दांच्या जाती आणि वाक्यांचे प्रकार सुटे शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारल्याचं दिसलं नाही, परिणाम उलट किंचित उणे निघाला. छोटी वाक्यं जोडून मोठं, नेटकं वाक्य करायला शिकवलं तिथे मात्र सरळ फायदा दिसला. आता हे प्रयोग बहुतेक करून इंग्रजी भाषेच्या मुलखातले. आपल्या मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. त्यामुळे व्याकरण गुंडाळून ठेवा असा अर्थ मी त्यातून काढणार नाही. आपल्या मुलांना नियम सांगावेच लागतात. पण सांगायला पाच मिनिटं पुरतात, आणि मग त्या नियमाने त्यांच्याच वाक्यात काम करायला हवं.

इथे बरेच आईबाबा म्हणतात, आमचंच इंग्रजी धड नाही, आम्ही काय शिकवणार? तुमच्यातले पुष्कळ जण महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकले. तिथे पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, त्याआधी ते पाचवीपासून होतं. आजीआजोबांनी तर तर्खडकर भाषांतर पाठमाला घोटून इंग्रजी मिळवलं. पण या शिक्षणातून तुमच्या हाती एक गोष्ट आली आहे, जी इथल्या पुष्कळ शिकवणीवाल्यांकडे नसते. कर्ता, कर्म, क्रियापद, प्रयोग, काळ या गोष्टी तुम्हाला मराठीतून समजलेल्या आहेत. मूल जी चूक करतं तिच्यामागची मराठी तुम्हाला ऐकू येऊ शकते. ती ऐकायला लागा, निम्मं काम तिथेच होतं.

एक चूक घ्या. जवळजवळ प्रत्येक वहीत ती असते. कार्तिकात काडु मल्लेश्वर देवळापाशी शेंगांची परिषे, म्हणजे जत्रा, भरते, तिथून आलेलं मूल लिहितं: ‘वी वेंट टु द टेंपल, वी सॉ द नंदी, वी बॉट पीनट्स, वी केम होम.’ चार वाक्यं, मधे तीन स्वल्पविराम, शेवटी दमून एक पूर्णविराम. बाई लाल पेनने ‘रन-ऑन’ लिहितात आणि मुलाला काहीच कळत नाही. आता हेच मराठीत म्हणून पाहा: देवळात जाऊन, नंदी बघून, शेंगा घेऊन आम्ही घरी आलो. आपल्याकडे ‘ऊन’ लावलं की क्रिया एकामागे एक ओवता येतात आणि वाक्य एकच राहतं. कन्नडमध्येही तसंच आहे, ‘होगि’, ‘नोडि’ करत माणूस घरी पोहोचतो. मूल मनातल्या मनात हेच एक वाक्य बोलत असतं. इंग्रजीत उतरवताना ‘ऊन’ला जागा सापडत नाही, म्हणून तिथे ते स्वल्पविराम ठेवून देतं. म्हणजे त्याची वाक्यरचनेची समज पक्की आहे, दुसऱ्या भाषेची! त्याला सांगा: इंग्रजीत एकट्या स्वल्पविरामाला दोन पुरी वाक्यं धरून ठेवता येत नाहीत. एक तर पूर्णविराम दे, नाही तर ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ असा जोड दे, नाही तर ‘आफ्टर’, ‘व्हेन’ने सुरुवात कर. मग तेच चार तुकडे त्याच्याकडून तीन वेगळ्या तऱ्हांनी जोडून घ्या. ‘आफ्टर वी वेंट टु द टेंपल अँड सॉ द नंदी, वी बॉट पीनट्स अँड केम होम.’ स्वल्पविराम कुठे बसला आणि ‘अँड’च्या आधी का बसला नाही, हे त्याच्याशी बोला. वर्कबुकच्या दहा पानांपेक्षा हे जास्त आहे, आणि वेळ लागतो पाव तास.

दुसरी गोष्ट, दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची. ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ हा धडा मिडल स्कूलमध्ये येतो आणि मुलं त्यात हमखास आपटतात. ‘राहुल सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असं लिहितात. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं की येणार आहे तो लिहिणारा. मराठीत मात्र ‘राहुल म्हणाला की मी उद्या येतो’ यात कुणाचाही गोंधळ होत नाही. ‘येतो म्हणून सांगून गेला’ हेही आपण सहज म्हणतो. मुलाचा मल्लेश्वरमचा मित्र कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत हेळिद’ म्हणतो, तेही तसंच. दोन्ही भाषा बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलतात. इंग्रजी ते शब्द उचलताना सांगणाऱ्याच्या जागी येऊन उभी राहते: ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल’चा ‘वुड’, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’. शाळेत या बदलांचा तक्ता पाठ करून घेतात. तक्त्यापेक्षा एक प्रश्न चांगला: हे वाक्य आता कोण सांगतोय, आणि केव्हा? रात्री जेवताना मुलाला विचारा, आज वर्गात कोण काय म्हणालं. मराठीत सांगू दे. मग त्यातलं एकच वाक्य दोन प्रकारे इंग्रजीत लिहायला लावा, एकदा अवतरणचिन्हांत, एकदा त्याशिवाय.

प्रश्नांचंही तसंच. ‘तू का चाललायस?’मध्ये शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून मूल ‘व्हाय यू आर गोइंग?’ म्हणतं. मग शाळेत शिकवतात की प्रश्नात क्रियापद पुढे आणा, आणि ते इतकं मनावर घेतं की ‘टेल मी व्हेअर इज ही’ लिहायला लागतं. एका चुकीवरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी चूक होऊन बसतो. घाबरू नका, ही प्रगतीची खूण आहे.

‘ही’, ‘शी’च्या क्रियापदाला लागणारा ‘स’ मात्र चिवट आहे. आपल्याकडे क्रियापद कोणाकोणाची मर्जी राखतं बघा. तो जातो, ती जाते, ते जातात. भूतकाळात तर ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. एवढा पसारा मूल चार वर्षांचं असताना बिनचूक सांभाळतं. इंग्रजीत त्यामानाने जवळजवळ काहीच नाही, साध्या वर्तमानकाळात एक ‘स’. एवढा एकच असल्यामुळेच तो विसरला जातो. तो गेला तरी अर्थ कुठे अडत नाही, म्हणून कानाला टोचत नाही. त्यावर उपाय सवयीचाच. लिहून झालं की मुलाने फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि एकटी नावं शोधत ओळींवरून बोट फिरवायचं. बाकी काही पाहायचं नाही.

आता ‘अ’ आणि ‘द’. मराठीत ही चीज नाही असं आपण म्हणतो, पण आजीच्या गोष्टीत ती असते. एक होता राजा. राजाला दोन राण्या. पहिल्यांदा ‘एक’ राजा, पुढे तोच राजा. इंग्रजीतली पहिली पायरी हीच: पहिल्यांदा आला की ‘अ किंग’, ओळख झाली की ‘द किंग’. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला जॉन बिचनर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या लेखनात बाकीच्या चुका सोडून ‘अ’ आणि ‘द’चे एवढेच दोन उपयोग तपासून दिले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ज्यांना तसं तपासून मिळालं त्यांचं लेखन सुधारलं आणि दोन महिन्यांनंतरही ते टिकलं. त्याआधी 1996 साली जॉन ट्रस्कॉट यांनी दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या वहीतल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही, असं ठणकावून लिहिलं होतं आणि त्यावरून पुढे मोठा वाद चालला. दोघांनाही समोर ठेवलं तर घरापुरता एक शहाणपणा निघतो. वही लालेलाल करू नका. पंधरा दिवस एकच प्रकारची चूक धरा. त्या पंधरा दिवसांत बाकीच्या चुका दिसल्या तरी जीभ आवरा. हे आईबाबांना फार जड जातं, आणि इंजिनिअर बाबांना सर्वांत जड. त्यांना सगळे बग एकाच रिलीजमध्ये काढायचे असतात.

विरामचिन्हांकडे येऊ. आपण शाळेत शिकलो, की थोडं थांबायचं तिथे स्वल्पविराम, पूर्ण थांबायचं तिथे पूर्णविराम. वाचताना हे ठीक आहे, पण लिहिणाऱ्याला ते फसवतं. ‘द ओल्ड वुमन हू सेल्स फ्लॉवर्स निअर द टेंपल’ इथवर आलं की मुलाला श्वास घ्यावासा वाटतो, आणि ते तिथे स्वल्पविराम देऊन पुढे ‘नोज माय आजी’ लिहितं. इंग्रजीत कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही, कर्ता कितीही लांबलचक असो. श्वास कुठे लागतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

यात मुलांना रागावण्यासारखं काही नाही. आपल्या भाषेत ही चिन्हं आली त्याला दोनशे वर्षंही झालेली नाहीत. मोडीत आपले पूर्वज कलम न उचलता लिहीत गेले, शब्दांमध्ये जागा सोडत नव्हते, वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. मराठीत विरामचिन्हांची घडी बसवायचं श्रेय मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थ यांच्यासोबत 1847 चा इंग्रजी-मराठी कोश पुरा करणारे हेच कँडी. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटं पुस्तक 1850 चं. अख्ख्या समाजाला जे सवयीने लागलं, ते बारा वर्षांच्या पोराला एका चाचणीत यावं अशी घाई आपण करतो.

स्वल्पविरामाचं मोल मुलांना पटवायला शाळांत आजीला खाण्याचा एक इंग्रजी विनोद सांगतात. मुलं हसतात आणि विसरतात. त्यापेक्षा मेन राज्याची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या त्या राज्यात ओकहर्स्ट डेअरीचे दूध पोहोचवणारे ड्रायव्हर जादा कामाचे पैसे मागायला कोर्टात गेले. कोणत्या कामांना जादा दर लागू नाही याची एक यादी कायद्यात होती, आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ असं होतं. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग माल पोहोचवणं हे यादीतलं वेगळं काम, की पोहोचवण्यासाठी फक्त बांधणं? 2017 मध्ये अपील कोर्टाने ही संदिग्धता ड्रायव्हरांच्या बाजूने लावली, आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. आठवीचं मूल हे ऐकून कागद घेतं आणि तो स्वल्पविराम घालून-काढून बघतं. हा आकडा ऐकल्यावर न बघणारं मूल मी पाहिलं नाही.

वाक्यं जोडायला सामग्री लागते, आणि ती पुस्तकात शोधायची गरज नाही, क्रॉस रोड ओलांडला की मिळते. काडु मल्लेश्वराचं उदाहरण घ्या. त्याच्या इतिहासात येणारे एकोजी म्हणजे व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. शहाजीराजांची जहागीर इथे बंगळूरला होती. 1669 च्या शिलालेखात एकोजींनी या देवाला गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि पुढे ते तंजावरचे राजे झाले. मुलाला हे चार सुटे तुकडे इंग्रजीत द्या आणि एक वाक्य करायला सांगा. ‘व्यंकोजी, हू वॉज शिवाजीज हाफ-ब्रदर, गेव्ह अ व्हिलेज टु द टेंपल इन 1669.’ इथे मधला भाग दोन स्वल्पविरामांत का बसला? कारण व्यंकोजी कोण ते नावानेच ठरलं आहे, मधली माहिती वरची. ती उचलून बाजूला ठेवली तरी वाक्य उभं राहतं. आता दुसरं करा: ‘द ब्रदर हू रूल्ड तंजावर गेव्ह अ व्हिलेज.’ इथे स्वल्पविराम नाही, कारण कोणता भाऊ ते त्या शब्दांनीच ठरतं. वरची माहिती असेल तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, ओळख पटवणारी असेल तर एकही नाही. आणि वाक्याच्या मधे एकच कधीच नाही. ‘शिवाजीज’मधला अपॉस्ट्रॉफीही त्यातच होऊन गेला.

अपॉस्ट्रॉफीबद्दल जास्त बोलत नाही. मालकी असेल किंवा अक्षर गाळलं असेल तिथे तो येतो, अनेकवचनाला येत नाही. ‘इट्स’ची जोडी कानाला सारखीच लागते, तिथे ‘इट इज’ म्हणून बघायचं. बसलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही तर नाही. आणि संपीगे रोडवरून चालताना दुकानांच्या पाट्यांवर अनेकवचनात घुसलेले अपॉस्ट्रॉफी शोधायचा खेळ मुलांसोबत खेळा. फार लांब जावं लागत नाही. फक्त दुकानदाराला जाऊन सांगू देऊ नका.

संवादाच्या खुणांसाठी जुन्या पद्धतीचं श्रुतलेखन पुन्हा सुरू करा. आपल्या आजीआजोबांना ते उत्तम जमतं. पुण्या-नाशिकहून नातवंडांसाठी येऊन राहिलेले आजोबा दुपारी रिकामेच असतात. आर. के. नारायण यांचं 1935 चं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ घ्या. त्यातल्या गावाचं मालगुडी हे नाव मल्लेश्वरम आणि बसवनगुडी जोडून झालं असं इथे अभिमानाने सांगतात. नारायण स्वतः मात्र ते आपोआप सुचल्याचं सांगत. त्या पुस्तकातला बोलाचालीचा चार-पाच ओळींचा तुकडा आजोबांनी दोनदा वाचायचा, ‘कॉमा’ वगैरे न सांगता. मुलाने लिहायचं, खुणा स्वतःच्या अंदाजाने घालायच्या, मग पुस्तक उघडून स्वतःच ताडून बघायचं. अवतरणचिन्ह बंद होण्याआधी स्वल्पविराम आत येतो, ‘सेड’ लहान अक्षराने येतं, नवा माणूस बोलला की नवी ओळ, हे त्याचं त्याला दिसतं. आजोबांनी लाल पेन हातात घ्यायचं नाही. फरक का झाला असेल, एवढंच विचारायचं. उच्चार तर्खडकरी असले तरी चालतील.

पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर रेन आणि मार्टिन यांच्याबद्दलही सांगतो. त्यांचं व्याकरण अजून इथल्या घराघरांत आहे, आणि संदर्भाला ते चांगलंच आहे. अडलं की उघडायचं, सूची बघायची, बंद करायचं. पहिल्या पानापासून सोडवत जायचं ते पुस्तक नव्हे. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि त्यांनी 1924 साली ‘बो जेस्ट’ ही परदेशी पलटणीतल्या साहसांची कादंबरी लिहिली, जी त्या काळी तुफान खपली. मुलांना त्यांच्या हातचं व्याकरणच तेवढं माहीत असावं, हे मला त्यांच्यावर अन्यायाचं वाटतं.

मुलांना लिहायला काय द्यावं? ‘माय फेव्हरिट सीझन’ देऊ नका, ते पाठ असतं. खरं काम द्या. अपार्टमेंटच्या गणपतीची सूचना लिफ्टमध्ये लावायची आहे, ती त्याने लिहावी. फुटपाथवरचा दगड निघाला असेल तर पालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा त्याने करावा. पुण्याच्या मावसभावाला मल्लेश्वरमला येऊन काय खायचं ते लिहून पाठवावं. बेण्णे दोश्यासाठी सीटीआरच्या दारात किती वेळ उभं राहावं लागतं, यावर मूल पानभर लिहितं. खेळाडू मूल असेल तर कॅनरा युनियनच्या हॉलवर लिहू दे, प्रकाश पडुकोण तिथेच खेळत मोठे झाले. लिफ्टमधली सूचना शेजारी वाचणार म्हटल्यावर मूल पूर्णविराम दोनदा तपासतं. आणि हे सगळं हाताने, कागदावर. फोन वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, ‘आय’ मोठा करतो, अपॉस्ट्रॉफी घालून देतो. म्हणून तर ‘मंडे’ आणि ‘कन्नड’ या शब्दांची कॅपिटल अक्षरं वहीत आली की नाहीशी होतात.

लिहून झालं की मोठ्याने वाचायला लावा. डोळा चूक ओलांडून जातो, तोंड अडखळतं. अडखळला तिथे पेन्सिलने टिंब, बस. मग त्या पंधरवड्याची जी एक चूक ठरवली असेल तेवढीच दुरुस्त. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. रोज करायला जाल तर दसऱ्यापर्यंतही टिकणार नाही.

शिक्षकांशी भांडू नका. एकेका वर्गात चाळीसच्या आसपास वह्या, त्यावर परीक्षेचं वेळापत्रक. रिकाम्या जागा तपासायला सोप्या म्हणून त्या येतात. पालक सभेला गेलात की गुणांबद्दल विचारण्याऐवजी एवढं विचारा, की या महिन्यात मुलांनी वर्गात स्वतःचं काही लिहिलं का, आणि लिहिलेलं पुन्हा सुधारून लिहायला मिळालं का. हे विचारणारे पाच पालक निघाले तर बाईंनाही मुख्याध्यापकांकडे बोलायला जागा मिळते. काही शाळांत मुलं जोडीने एकमेकांच्या वह्या वाचतात, तसं करता येईल का तेही सुचवा. सहावी ते आठवीची सीबीएसईची मुलं आता ‘पूर्वी’ हे नवं पुस्तक वापरतात. पाठाखालच्या लेखनाच्या कृती गाळून थेट प्रश्नोत्तरांवर जाऊ नका अशी विनंतीही करता येते.

परीक्षा तर यायचीच, आणि तीत रिकाम्या जागा असणारच, ओळीओळीत चूक पेरलेला उताराही असेल. त्यासाठी शेवटचे आठ-दहा दिवस ठेवा. वर्षभर स्वतःची वाक्यं दुरुस्त केलेल्या मुलाला दुसऱ्याने पेरलेली चूक शोधायला फार वेळ लागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका वरच्या वर्गातल्या मुलांकडे मिळतात, पंधराव्या क्रॉसवरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन काढून आणा.